हॅलो, माइक टेस्टिंग... सा!

आमच्या माजिवड्यात शांतता फक्त बिल्डरच्या ब्रोशरमध्ये मिळते. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, नाशिकचा रस्ता आणि घोडबंदर रोड हे तिघं इथेच एकमेकांना कडकडून भेटतात. दिवसा गाड्या, रात्री न्हावा-शेवाकडून गुजरातकडे निघालेले कंटेनर, अधूनमधून मेट्रोच्या कामाची खडखड. आणि मे महिन्यात गावठाणात लग्नं निघाली की हळदीचा डीजे. तो तर आमच्या सातव्या मजल्यावरच्या खिडकीची काचसुद्धा ठेक्यात वाजवतो.

अशा ठिकाणी राहून मी गेल्या एप्रिलमध्ये जाहीर केलं, ‘मला ट्यूब कंडेन्सर माइक घ्यायचाय.’

बाबांनी पेपरमधून डोकं वर काढलं. ‘ट्यूब म्हणजे व्हॉल्व्हच ना? आमच्याकडे व्हॉल्व्हचा मर्फी होता. बटण दाबून चहा टाकायचा, चहा झाला की बातम्या सुरू. परत तेच आणताय होय आता?’

हो बाबा, परत तेच. आणि घाईत.

घाईचं कारण आई. तिने ठाण्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं संगीत शिकवलं. मुलांसाठी ती स्वतःच गाणी लिहायची आणि चाली लावायची. अशी वीस-बावीस गाणी तिच्या एका दुरेघी वहीत आहेत. चाली मात्र कुठेच नाहीत, फक्त तिच्या गळ्यात. एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की थायरॉइडची गाठ काढावी लागेल. घाबरण्यासारखं काही नाही, पण... आणि त्या ‘पण’नंतर त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. थायरॉइडला अगदी चिकटून नसा जातात. एक स्वरतंतू हलवते, दुसरी त्यांना ताण देते, म्हणजे वरचे स्वर तिच्या जिवावर लागतात. बहुतेक वेळा काही होत नाही, आम्ही जपतोच, पण गाणाऱ्या माणसाला आधी सांगितलेलं बरं, असं ते म्हणाले. ऑपरेशनची तारीख चोवीस दिवसांनंतरची मिळाली.

घरी येताना रिक्षात आई काहीच बोलली नाही. कापूरबावडीच्या सिग्नलला फक्त एवढंच म्हणाली, ‘अगं, ती वही कुठे ठेवलीय बघायला हवी.’

त्या रात्री मी लडाखसाठी साठवलेले पासष्ट हजार मनातल्या मनात मोडले आणि गुगल करायला बसले.

ट्यूबचा नेमका फंडा काय?

मी मास कॉम केलेलं. साउंडचा एक पेपर होता, तो कसाबसा निघाला. व्हॉइसओव्हरची थोडीफार कामं करते, तीसुद्धा दुसऱ्यांच्या स्टुडिओत जाऊन. त्यामुळे माझं ज्ञान ‘ट्यूब म्हणजे वॉर्म, वॉर्म म्हणजे भारी’ इथेच संपत होतं. जे नंतर कळलं ते सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

कंडेन्सर माइकच्या जाळीमागे एक कॅप्सूल असतं. त्यात सोन्याचा मुलामा दिलेला पातळ पडदा आणि त्याच्यामागे धातूची चकती. आवाजाने पडदा हलतो, दोघांमधलं अंतर बदलतं आणि विजेचा अगदी क्षीण सिग्नल तयार होतो. हा सिग्नल इतका नाजूक असतो की त्याला लांब केबलमधून पाठवताच येत नाही. तो तिथल्या तिथे, माइकच्या पोटातच, पेलवेल असा करून घ्यावा लागतो. हे काम एक तर ट्यूब करते, नाही तर ट्रान्झिस्टर.

पूर्वी ट्रान्झिस्टर नव्हतेच. १९२८ मध्ये बर्लिनच्या जॉर्ज न्यूमनने पहिला माइक बाजारात आणला तेव्हापासून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत स्टुडिओतला कंडेन्सर माइक म्हणजे ट्यूबचाच. वांद्र्याचं मेहबूब किंवा ताडदेवचं फिल्म सेंटर, अख्खा वाद्यवृंद आणि गायक एकाच वेळी एकाच हॉलमध्ये, हा ज्या काळातला मामला आहे त्याच काळातलं हे तंत्र. मग १९६६ मध्ये न्यूमनने नॉर्वेच्या रेडिओसाठी छोटा ट्रान्झिस्टरवाला माइक बनवला. तिथल्या स्टुडिओत इमर्जन्सी दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीपासून होता, तोच माइकसाठी वापरला. आज प्रत्येक ऑडिओ इंटरफेसवर ‘४८ व्ही’ असं जे बटण असतं, ते त्या नॉर्वेतल्या दिव्यांचं देणं! ट्यूबच्या माइकला मात्र या ४८ व्होल्टचा काही उपयोग नाही. त्याचा स्वतःचा वेगळा पॉवर सप्लायचा डबा असतो आणि जाडजूड, बहुधा सात पिनांची केबल.

आता खरी गंमत. तो प्रसिद्ध ‘उबदारपणा’ मुख्यतः ट्यूबमधून येतच नाही! आपण गातो-बोलतो त्या पातळीवर ट्यूब तिचं काम बऱ्यापैकी सरळमार्गी करते. रंग भरतात ते कॅप्सूल, ट्रान्सफॉर्मर, आतलं सर्किट आणि चक्क बाहेरची जाळी. म्हणजे बाहेर ‘ट्यूब’ असं लिहिलेले दोन माइक एकमेकांपासून इतके वेगळे वाजू शकतात, की त्यातला एक ट्यूब नसलेल्या तिसऱ्यालाच जास्त जवळचा वाटावा. हे मला माझ्या कॉलेजच्या मित्राने सांगितलं. तो आता साउंड रेकॉर्डिस्ट आहे. मी अर्थातच विश्वास ठेवला नाही.

माइकांची घराणी

‘हे बघ बॉस,’ तो म्हणाला, ‘गाण्यात जशी घराणी तशी माइकमध्ये. बाजारातले बहुतेक ट्यूब माइक तीन-चार जुन्या बुजुर्गांची गादी चालवतात. आपला गळा कुठल्या घराण्याचा ते आधी ठरव.’

पहिलं घराणं न्यूमन यू ४७चं. १९४९ मध्ये बाजारात आलं. भरदार, छातीतून बोलल्यासारखा आवाज, वरचं टोक शांत. त्यात व्हीएफ १४ नावाची ट्यूब असायची. ती पन्नासच्या दशकातच बनायची बंद झाली, त्यामुळे आज अस्सल ट्यूबची किंमत ऐकून घाम फुटतो. दुसरं, व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीचं १९५३चं सी १२ आणि त्याचंच भावंड, टेलिफुंकनसाठी बनलेलं २५१. इथे वरच्या टोकाला चकाकी असते, आवाजाला जर लावल्यासारखी. तिसरं १९६० मधलं यू ६७. ना फार भरदार, ना फार चमकदार, शहाण्या थोरल्या भावासारखं. न्यूमनने २०१८ मध्ये ते पुन्हा बनवायला घेतलं. त्या किमतीत एखादी छोटी हॅचबॅक येईल, त्यामुळे आपण लांबूनच नमस्कार करू.

आपल्या बजेटमधल्या माइकची मेख या तिसऱ्या घराण्यात आहे. यू ६७च्या कॅप्सूलला वरच्या पट्टीत जात्याच धार असते, आणि मूळ माइकच्या सर्किटमध्ये ती धार बोथट करायची सोय होती. स्वस्त माइकवाल्यांनी कॅप्सूलची नक्कल केली आणि सोय विसरले. (किंवा विसरल्यासारखं केलं.) परिणाम म्हणजे शोरूममध्ये दोन मिनिटं ऐकलं की ‘वॉव, काय क्लॅरिटी’ आणि घरी दोन तास ऐकलं की डोकं दुखतं.

मराठीला तर हे जास्तच नडतं. आपल्याकडे ‘स’, ‘श’, ‘ष’ आहेत, चहातला ‘च’ आणि चमच्यातला ‘च’ निराळे आहेत, वर ‘छ’ आणि ‘झ’. आणि ‘फ’, ‘भ’, ‘ख’, ‘थ’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत येतो तो वेगळाच. इंग्रजीतले रिव्ह्यू या बाबतीत काहीच मदत करत नाहीत. म्हणून मी माझी दोन टेस्ट-वाक्यं बनवली. ‘सासवडच्या सुशीलाताईंनी शिळ्या शेंगदाण्यांची चटणी चाटूनपुसून संपवली.’ आणि ‘फाटक्या फडक्यातली भाकरी भिकूने भराभर खाल्ली.’ पहिल्या वाक्यात कानात टाचणी टोचली की माइक नापास. दुसऱ्यात फटफट आवाज आला तर माइक नापास नाही, पॉप फिल्टर लावा आणि तोंड जरा तिरकं धरा.

अ, ब, क

मित्राने तीन माइक जमवले. एक ओळखीतल्या स्टुडिओतून, एक भाड्याने, एक त्याचा स्वतःचा. आईला घेऊन आम्ही अंधेरीला त्याच्या खोलीवजा स्टुडिओत गेलो. तिने तेच एक कडवं तीनदा म्हटलं, तोंड माइकपासून साधारण वीतभर लांब. त्याने तिन्ही रेकॉर्डिंगचा आवाज सारख्या पातळीवर आणला. हे फार महत्त्वाचं, कारण जरा मोठं वाजलं की कान त्यालाच ‘चांगलं’ म्हणून मोकळे होतात. मग फाइलींना नावं दिली अ, ब, क. कुठली कशाची ते त्यालाच ठाऊक.

मला ‘अ’ एकदम सही वाटला. रेडिओसारखा, महागडा. ‘ब’ स्वच्छ, पण साधा. ‘क’ ऐकून वाटलं की कोणीतरी पडदा ओढलाय.

आईने हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट धरून तिन्ही ऐकले, डोळे मिटून. मग म्हणाली, ‘अ मध्ये मी कोणीतरी दुसरीच आहे. आणि माझा स असा शिट्टीसारखा कधीपासून यायला लागला? ब ठीक आहे. क मध्ये...’ ती थांबली. ‘क मध्ये मी वर्गात उभी आहे.’

मी ‘क’ परत ऐकला, या वेळी स्पीकरवर. पडदाबिडदा काही नव्हता. शाळेत असताना मागच्या बाकावरून ऐकलेला आवाज होता तो. तीव्र मध्यमावर जाताना किंचित खरखरणारा. ‘अ’ने ती खरखर पॉलिश करून टाकली होती.

तर निकाल असा. ‘अ’ ट्यूबचा, सी १२ घराण्यातला, तिघांत सर्वात महाग. ‘क’ही ट्यूबचाच, ४७ घराण्यातला, जवळजवळ निम्म्या किमतीचा. आणि मधला ‘ब’ ट्यूब नसलेला, सर्वात स्वस्त. तो माझ्या आवाजावर ‘क’पेक्षा छान वाजला, हे नंतर कळलं. मित्र ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हणाला नाही, पण चेहरा तोच होता.

तुम्ही माइक घ्यायला निघाला असाल तर दुकानात डेमो मागा, मिळाला नाही तर एक दिवस भाड्याने आणा. यूट्यूबवरच्या तुलनांमध्ये दुसऱ्याचा गळा, दुसऱ्याची खोली आणि वर दाबून लहान केलेली फाइल असते. त्यावरून साडी घ्यावी, माइक घेऊ नये.

नॉइज, नॉइज, नॉइज

ट्यूब माइकवाल्यांच्या चर्चेत एक आकडा हमखास येतो, सेल्फ नॉइज. माइकचा स्वतःचा सूं-सूं आवाज. रोडच्या एनटी१ या ट्रान्झिस्टरवाल्या माइकच्या पाचव्या पिढीत तो ४ डीबी-ए आहे. न्यूमनच्या टीएलएम १०३चा ७, आणि त्याच न्यूमनच्या एम १४९ या ट्यूब माइकचा १३. म्हणजे शांतपणात ट्यूब बहुधा मागेच. मी यावर दोन रात्री काळजी करण्यात घालवल्या.

मग मोबाइलमधल्या अ‍ॅपवर आमच्या बेडरूमचा आवाज मोजला. (असली अ‍ॅप काटेकोर नसतात, अंदाज येतो इतकंच.) रात्री दोन वाजता, खिडक्या बंद, पंखा बंद: अडतीसच्या आसपास. खालून कंटेनर गेला की पन्नास! आता चार काय आणि तेरा काय? समुद्रात बादलीभर पाणी जास्त.

त्यामुळे माइकवर खर्च करायच्या आधी खोलीवर करा, आणि तो फार नसतो. हायवेच्या बाजूची खोली सोडली आणि आईच्या कपाटाचं दार सताड उघडं ठेवून त्याच्याकडे पाठ करून तिला बसवलं. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, म्हणजे गाणाऱ्याच्या मागे जे असतं तेच त्याला दिसतं. तिथे पैठण्या-कांजीवरम असतील तर आवाज परत फिरत नाही. दोन्ही बाजूंना आजीच्या गोधड्या दोरीवर टाकल्या. गोधड्यांनी खोलीचा घुमारा खाल्ला. ट्रकची घरघर मात्र गोधडी अडवत नाही, ती भिंतीतूनच येते. तिच्यासाठी ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाकायचं. बाईचा आवाज साधारण दोनशे हर्ट्झच्या आसपास असतो, त्यामुळे काही हरवत नाही. डीजेवर उपाय नाही. गावातल्या काकूंकडून हळदीच्या तारखा विचारून घेतल्या आणि त्या संध्याकाळी वगळल्या.

घेणारच असाल तर

काही गोष्टी कोणी सांगत नाही, त्या सांगून टाकते. केबल पूर्ण जोडल्यावरच पॉवर सप्लाय चालू करायचा, आणि काढताना आधी बंद करून थोडं थांबायचं. चालू केल्यावर वीस-तीस मिनिटं माइक तापू द्यायचा, तोवर आवाज स्थिर होत नाही. मध्येच लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला हे एकदा भोगावं लागलं. मी वैतागले, आई मात्र शांत. ‘तानपुरा लावायलाही वेळ लागतोच की,’ म्हणाली.

परदेशातून कोणी आणणार असेल तर सप्लायवरचा व्होल्टेजचा खटका आधी बघा. अमेरिकेतलं ११५ तसंच ठेवून आपल्या २३० मध्ये लावलं की धूर. मित्राच्या एका ओळखीच्याकडे झालंय हे. शिवाय असा आणलेला माइक बिघडला तर वॉरंटी सातासमुद्रापार. त्यापेक्षा इथल्या अधिकृत विक्रेत्याचं बिल चार पैसे जास्त देऊन घ्यावं. ट्यूब कुठली आहे आणि ती आजही मिळते का, हेही विचारा. ती हजारो तास चालते, पण कधीतरी जातेच.

आणि पावसाळा! ओल हा कुठल्याही कंडेन्सर कॅप्सूलचा वैरी. दमट हवेत पडद्यावर बाष्प बसलं की तडतड सुरू. जूनपासून माइक स्टँडवर उघडा ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, कॅमेऱ्याच्या लेन्स ठेवतो तसा.

पॅटर्नचं बटण असलेला माइक थोडा महाग पडतो. एकटा माणूस एकट्याने गाणार असेल तर त्याची गरज नाही. आमच्याकडे मात्र आई स्वतःच पेटी वाजवत गाते. मित्राने ‘फिगर ऑफ एट’ लावून माइक असा वळवला की त्याची बहिरी कड पेटीकडे राहिली. पेटी मागे सरकली, आई पुढे आली. हे बटण नसतं तर तिला पेटीशिवाय गावं लागलं असतं, आणि पेटीशिवाय ती गात नाही.

शेवटी मी ट्यूब माइक घेतला का? नाही! ‘क’ चार दिवसांसाठी भाड्याने आणला. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या गोष्टीसाठी पासष्ट हजार घालून ती पावसात जपत बसायचं, हे मला तरी पटलं नाही. रोज गाणारे, रोज रेकॉर्ड करणारे असाल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही पहिला माइक ट्यूबचा नको असं माझं मत आहे. नंतर ‘ब’ची जोडी मी माझ्या कामासाठी विकत घेतली. गोधड्या अजून दोरीवरच आहेत.

चार दिवसांत एकोणीस गाणी झाली. दोन चाली आईला आठवल्याच नाहीत. वहीकडे बघत पेटीवर बोटं फिरवत राहिली, मग म्हणाली, ‘राहू दे, येतील कधीतरी.’ अकराव्या गाण्यात ऐन शेवटच्या ओळीला खाली कोणीतरी ट्रक रिव्हर्स घेतला. पीं पीं पीं, नेमका तिच्याच सुरात. मी परत घेऊया म्हटलं. तिने ऐकलं, हसली, आणि ते तसंच ठेवायला लावलं. शाळेसमोरचाच रस्ता वाटतो म्हणे.

ऑपरेशन होऊन आता पाच महिने झाले. पहिले तीन आठवडे ती कुजबुजल्यासारखं बोलायची आणि बाबांना दोनदा सांगावं लागायचं, त्यामुळे घरात भांडणं जरा कमी झाली. आवाज आला परत. वरचा सा अजून धरून ठेवता येत नाही, दमतो. पूर्वी काळी पाचमध्ये गायची, हल्ली पेटीवर काळी चार धरते. परवा त्या दोन राहिलेल्या चालींपैकी एक तिला भाजी निवडताना आठवली.

‘तो माइक परत मिळेल का गं?’ तिने विचारलं. ‘पडदा ओढलेला?’

मी मित्राला मेसेज टाकलाय. गावात तुळशीच्या लग्नानंतर हळदी सुरू होतील, त्याच्या आत हवाय.